मुंबईला गेल्यावर बघू, असं म्हणू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी लेख आला होता तो वाचला. इन्शुरन्स कुठला घ्यावा, बीपी-शुगरच्या गोळ्या किती महिन्यांच्या न्याव्यात, डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवा, विमानात व्हीलचेअर कशी मागायची, सगळं नीट दिलं होतं आणि आमच्या पार्ल्यातल्या ग्रुपवर तो लेख भरपूर फिरला पण. फक्त त्यात गोचिडाबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. गेल्या वर्षी आमच्या घरात जे झालं त्यानंतर मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण कापताना औषधांचा भाग तेवढा कापू नका ही विनंती.

आपल्याकडे गोचीड म्हटलं की गुरं, नाहीतर कुत्रा. कोकणातल्या लोकांना सिंधुदुर्गात दोडामार्गकडे आलेला माकडताप आठवेल, तोही गोचिडामुळेच होतो, पण तो विषाणूचा आजार, त्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही. अमेरिकेतला जो आहे तो लाइम डिसीज. तो जिवाणूचा आजार आहे आणि त्याला साध्या, स्वस्त, आपल्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळणाऱ्या गोळ्या लागू पडतात, अट एवढीच की त्या वेळेत सुरू व्हायला हव्यात. तिकडे हा आजार काही दुर्मीळ नाही, दरवर्षी साधारण पावणेपाच लाख लोकांवर लाइमचे उपचार होतात असा तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा अंदाज आहे. आणि तो सगळ्यात जास्त कुठे? न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स. म्हणजे आपली मुलं जिथे घरं घेऊन राहतायत नेमकं तिथे. आणि कधी? त्या गोचिडाची पिल्लं, ज्यांच्यामुळे बहुतेकांना लागण होते, ती मे ते जुलै जोरात असतात. आपण मुंबईचा उकाडा टाळायला आणि नातवंडांची सुट्टी साधायला तिकडे जातो तेही मेमध्येच. हे दोन्ही इतकं तंतोतंत जुळतं तरी आपल्यापैकी कुणालाच जाताना कुणी काही सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझी ताई आणि भावजी कनेटिकटला माझ्या भाचीकडे गेले होते. घराच्या मागे अंगण, अंगणाला लागून झाडी, संध्याकाळी हरणं येतात, फोटो पाठवायचे आम्हाला. भावजींना स्वस्थ बसवत नाही. मागच्या कुंपणापाशी गेल्या वर्षीचा पाचोळा साचलेला होता तो त्यांनी अर्ध्या चड्डीवर बसून हाताने उपसला. गोचीड काही दिसला नाही की चावल्याचं कळलं नाही, आणि हे अगदी नेहमीचं आहे, लाइम झालेल्या कितीतरी लोकांना चावल्याचा पत्ताच नसतो कारण ते पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं आणि चावताना दुखत नाही. पुढे काही दिवसांनी गुडघ्याच्या मागच्या खळगीत एक गोल चट्टा उठला. भाची म्हणाली, "बाबा, आत्ता अर्जंट केअरला जाऊन येऊ," तर भावजींचं ठरलेलं उत्तर, "अगं तिथे दारात पाय ठेवला की दोनशे डॉलर, पुढच्या आठवड्यात तिकीट आहे, मुंबईला गेल्यावर बघू." किती घरांत हे वाक्य रोज बोललं जात असेल! इन्शुरन्स काढलेला असतो तरी आपण वापरत नाही, डिडक्टिबल म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम किती, क्लेम देतील का, मुलांवर बिल नको, या विचाराने आपण दात दुखला तरी पेनकिलर खाऊन दिवस काढतो. मनातून मला ते समजतं. पण या एका बाबतीत थांबणं महागात पडतं.

मुंबईत आल्यावर काय झालं ते ऐका. गोल चट्टा म्हटल्यावर मेडिकलवाल्याने न बघताच "नायटा आहे काका, घामाने होतो" म्हणून ट्यूब दिली, ती तीन-चार औषधं एकत्र असलेली, त्यात स्टेरॉइड. आता आपल्याकडे नायटा इतका बोकाळलाय आणि या मिक्स ट्यूबा लोक इतक्या सर्रास चोळतात की त्याला तसं वाटलं यात नवल नाही, पण ट्यूब लावून चट्टा जाईना, उलट पसरला. मग कणकण, अंग मोडून आलं, मान धरली, डोकं ठणकतंय. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे डेंग्यू-मलेरियाची टेस्ट झाली, दोन्ही निगेटिव्ह. "व्हायरल आहे" म्हणून पॅरासिटामॉल. तोवर भाची तिकडून मला फोन करून करून थकली, "मावशी, बाबांना सांग ना, स्किनच्या डॉक्टरला दाखवा आणि अमेरिकेहून आलोय हे आधी सांगा, ते माझं ऐकत नाहीत." मी गेले त्यांच्याकडे. बाल्कनीच्या उजेडात बघितलं तर चट्टा माझ्या तळहाताहून मोठा झालेला, आणि लाल असा नव्हेच, भावजी सावळे आहेत, तर तो जांभळट-तपकिरी दिसत होता, मार लागल्यावर काळंनिळं पडतं ना तशातला. मध्ये किंचित फिकट. हात लावला तर गरम, पण खाज नाही, दुखत नाही, पापुद्रा नाही, बारीक पुटकुळ्या नाहीत. मी बॉलपेनने त्याच्या कडेने रेघ ओढून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कडा रेघेच्या बाहेर गेलेली होती. मग मात्र मी ऐकलं नाही, रिक्षा करून दोघांना स्किनच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

त्या डॉक्टरांनी चट्टा पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "गेल्या महिन्याभरात कुठे बाहेर होतात का?" एवढाच प्रश्न आधी कुणीतरी विचारला असता, किंवा आपणहून भावजींनी सांगितलं असतं! अमेरिका म्हटल्यावर कुठलं राज्य, घरामागे झाडी होती का, काय काम केलं, सगळं विचारून त्यांनी तिथल्या तिथे गोळ्या लिहून दिल्या. ताई म्हणाली, आधी रक्ताची टेस्ट नको का? तर त्यांनी जे समजावलं ते मला सगळ्यांना सांगायचंय.

हा चट्टा चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत येतो, बहुतेकांना आठवड्याभराच्या आसपास. रक्ताची टेस्ट शोधते ती आपल्या शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, आणि त्या तयार व्हायला काही आठवडे जातात. म्हणजे चट्टा अंगावर समोर दिसतोय तेव्हा टेस्ट बऱ्याचदा निगेटिव्हच येणार. त्या निगेटिव्ह रिपोर्टवर भरवसा ठेवून गप्प बसलं तर उपचाराची चांगली वेळ हातची जाते. म्हणून लाइमच्या भागात राहून आलेला माणूस आणि दिवसागणिक पसरणारा असा चट्टा, एवढं असलं की टेस्टची वाट न बघता औषध सुरू करतात, तिकडेही तसंच करतात. आणि आणखी एक, चावल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत जो छोटा लाल फोड येतो डास चावल्यासारखा आणि विरून जातो, तो लाइमचा चट्टा नव्हे, उगाच घाबरायचं नाही. लाइमचा तो पाच सेंटिमीटरच्या वर जातो, वाढतच राहतो, कधी कधी फूटभर सुद्धा होतो. नेटवर बघाल तर सगळीकडे तो बंदुकीच्या निशाण्यासारखा वर्तुळात वर्तुळ दाखवतात, पण बऱ्याच जणांना नुसता एकसारखा रंगलेला गोल येतो. आणि लागण झालेल्यांपैकी साधारण ७० ते ८० टक्के लोकांनाच चट्टा येतो, म्हणजे उरलेल्यांना नुसता ताप, अंगदुखी, थकवा. अशांनी तर प्रवासाचं सांगणं जास्तच गरजेचं.

आता औषध. डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा, १० ते १४ दिवस. झालं. एवढंच. ज्यांना ते चालत नाही, उदाहरणार्थ गरोदर बायका, त्यांना अमॉक्सिसिलिन ५०० दिवसातून तीनदा किंवा सेफ्युरॉक्झिम ५०० दोनदा, १४ दिवस. मुलांना वजनाप्रमाणे डोस ठरतो. हे मी माहितीसाठी सांगतेय, स्वतः मेडिकलमधून आणून सुरू करायला नव्हे, कुणाला कुठलं आणि किती ते डॉक्टरच सांगणार. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आवर्जून सांगा कारण डॉक्सीने तिचा परिणाम वाढू शकतो.

आमच्या घरात तेव्हा एकाने विचारलंच, एवढी स्वस्त गोळी काय करणार, काहीतरी स्ट्राँग नको का? पण स्वस्त म्हणजे कमजोर नव्हे हो. मुंबईकरांना ही गोळी नवीन नाही. पावसात तुंबलेल्या पाण्यातून चालत आलात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरच्या सल्ल्याने लेप्टोची प्रतिबंधक गोळी घ्या असं महापालिका दरवर्षी सांगते, ती हीच. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोने काय हाहाकार केला तो आपण पाहिलाय. लेप्टोचा जिवाणू आणि लाइमचा जिवाणू दोघेही स्क्रूसारख्या पिळाचे, स्पायरोकीट म्हणतात त्या जातीचे. आणि हे औषध ज्या टेट्रासायक्लिनच्या घराण्यातलं आहे त्यातलं पहिलं औषध १९४८ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत निघालं तेव्हा तिथल्या संशोधनाचे प्रमुख आपले भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. इतकं जुनं, इतकं तपासलेलं औषध आहे, त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

गोळी घेतली कशी जाते यावर मात्र बरंच अवलंबून असतं, आणि आपल्या सवयी इथे आडव्या येतात. एक तर आपल्याकडे गोळी म्हणजे चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर, किंवा झोपताना बिछान्यात बसून दोन घोट पाण्याने. डॉक्सी अशी घेतली तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते, छातीत अशी आग पडते की लोक हार्टला घाबरतात. पूर्ण पेलाभर पाणी घ्यायचं आणि त्यानंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ताईने भावजींची रात्रीची गोळी जेवणाबरोबरच ठेवली, जेवण झालं की मालिका बघत बसायचं, मग झोप. मळमळ होत असेल तर पोटात काहीतरी असू द्यावं, पण दूध, दही, कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी, अ‍ॅसिडिटीचं गुलाबी औषध हे त्याच वेळी नको, त्याने गोळी नीट शोषली जात नाही, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. आपल्या वयात कॅल्शियम तर बहुतेक सगळ्यांना चालू असतं, त्याची वेळ बदलायची. दुसरं म्हणजे ऊन. या गोळीवर असताना उन्हाने कातडी लवकर भाजते. सावळ्या माणसालाही भाजते, आपल्याला सवय आहे म्हणून सोडून देऊ नका. भावजींचा सकाळचा बागेतला फेरा त्या दिवसांत साडेसहालाच आटोपायचा आणि पावसाळ्यातही पूर्ण बाहीचा शर्ट.

आणि पहिला दिवस. हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं म्हणून बरं झालं. पहिली गोळी पोटात गेल्यावर काही तासांत भावजींना हुडहुडी भरली, ताप चढला, अंग आणखी दुखायला लागलं, चट्टाही जास्त उठावदार वाटला. काही जणांना पहिल्या चोवीस तासांत असं होतं, जिवाणू मरतात तेव्हा शरीर तशी प्रतिक्रिया देतं. आपल्याकडे लगेच काय म्हणतात? "गोळी गरम पडली." आणि गोळी बंद. ताईच्या नणंदेने फोनवर हेच सांगितलं, बंद कर, गरम पडलीय, सब्जाचं पाणी दे. सब्जाचं पाणी खुशाल द्या, पण गोळी बंद करू नका. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, आराम, आणि एका दिवसात ते ओसरतं. अंगावर पित्त उठलं, तोंड-ओठ सुजले, श्वास लागला तर ती अ‍ॅलर्जी, ती गोष्ट वेगळी, तेव्हा ताबडतोब हॉस्पिटल.

दोन-तीन दिवसांत ताप गेला, चट्टा फिका पडायला लागला आणि मग आला खरा धोक्याचा टप्पा. बरं वाटतंय ना, मग कशाला उरलेल्या गोळ्या, ठेवून देऊ डब्यात, पुढे कुणाला लागतील. आपल्या प्रत्येक घरात असा अर्धवट स्ट्रिपांचा डबा असतो आणि तो अभिमानाने सांभाळला जातो. परदेशी जाताना तर बॅगेत अझिथ्रोमायसिनची पट्टी हमखास, घसा धरला की तीन दिवस घ्यायची. लाइमचा चट्टा बघून कुणी ती घेतली तर? अझिथ्रोमायसिन लाइमसाठी पहिल्या पसंतीचं औषध नाही, तेवढं चांगलं लागू पडत नाही, ज्यांना बाकी काहीच चालत नाही त्यांना देतात. आणि सुरुवातीला असं थोडंसं अँटिबायोटिक पोटात गेलं की पुढे रक्तात अँटिबॉडीही नीट तयार होत नाहीत, म्हणजे टेस्ट नंतरसुद्धा निगेटिव्ह येऊ शकते आणि डॉक्टर चक्रावतात. म्हणून डब्यातलं काही नको, आणि जे लिहून दिलंय ते शेवटच्या गोळीपर्यंत.

याच्या उलट टोकाचेही लोक भेटले. कोर्स संपल्यावर भावजींना काही आठवडे थकवा होता, जिना चढला की बसायला लागायचं, गुडघे धरायचे. लगेच कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की लाइम शरीरात लपून बसतो, सहा महिने अँटिबायोटिक घ्या, अमुक काढा घ्या, अमुक परदेशी लॅबमध्ये रक्त पाठवा. मी स्पष्ट सांगते, त्या वाटेला जाऊ नका. वेळेत औषध घेतलेले बहुतेक लोक पूर्ण बरे होतात. थोड्या लोकांना थकवा, सांधेदुखी, लक्ष न लागणं असं काही महिने राहतं, तो त्रास खरा असतो, त्यांना "मनाचे खेळ" म्हणून झिडकारणंही चूक आहे. पण त्यावर महिनोन्महिने अँटिबायोटिक देऊन पाहिलं गेलंय, अमेरिकेच्या सरकारी खर्चाने झालेल्या चाचण्या आहेत, त्यातल्या पहिल्यांचे निष्कर्ष २००१ मध्ये आले, आणि त्यातून टिकाऊ फायदा दिसला नाही. शिरेतून दीर्घकाळ औषध देताना झालेल्या संसर्गांमुळे काही माणसं उलट गंभीर आजारी पडलीत. भावजींना डॉक्टरांनी सांगितलं, नीट झोपा, रोज थोडं थोडं चालणं वाढवा, दुसरं काही कारण आहे का म्हणून थायरॉइड-हिमोग्लोबिन बघू. दिवाळीपर्यंत ते पूर्वीसारखे झाले.

उपचार झालेच नाहीत तर काय होतं तेही लोकांना माहीत हवं. काही आठवड्यांनी चेहऱ्याची एक बाजू लुळी पडू शकते, हृदयाचे ठोके मंदावून माणूस चक्कर येऊन पडू शकतो, मेंदूच्या आवरणाला सूज येते, आणि काही महिन्यांनी एक गुडघा टम्म सुजतो. गुडघ्यावरूनच तर हा आजार सापडला. १९७५ च्या सुमारास कनेटिकटमधल्या लाइम नावाच्या गावात आणि आसपास बऱ्याच मुलांचे गुडघे सुजायला लागले, डॉक्टर म्हणायचे मुलांचा संधिवात आहे. पॉली मरे नावाची एक आई नोंदी ठेवत राहिली, सरकारी आरोग्य खात्याला फोन करून सांगत राहिली की एकाच गावात इतक्या मुलांना संधिवात कसा, आणि तिच्यासारख्या आयांमुळे येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी शोध घेतला. जिवाणू सापडायला १९८१ उजाडलं, विली बर्गडॉर्फर यांना तो गोचिडाच्या पोटात दिसला. म्हणून कुणी म्हणालं की "काही नाही हो, व्हायरल आहे" तरी तुमच्या डोळ्यांना जे दिसतंय ते तारीख घालून लिहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा, शेजारी नाणं किंवा मोजपट्टी ठेवून. आमच्या डॉक्टरांना त्या फोटोंचा आणि पेनच्या रेघेचा फार उपयोग झाला.

तिकडे असताना काय करायचं ते थोडक्यात सांगते. झाडीत, उंच गवतात, पाचोळ्यात जायचं तर फिक्या रंगाचे पूर्ण कपडे, पँट मोज्यात खोचलेली, आणि डीईईटी असलेलं रिपेलंट. हे चांगलं दिसत नाही म्हणून भावजींसारखी माणसं ऐकत नाहीत, पण तिथले लोक सर्रास करतात. घरी आलं की दोन तासांच्या आत आंघोळ आणि अंग तपासणं, काखा, कानामागे, बेंबी, कंबरपट्टा, जांघा, गुडघ्यामागे, केसांत. पाठ आणि गुडघ्यामागची बाजू स्वतःला दिसत नाही, एकमेकांची बघावी, नातवंडांची तर रोज बघावी. कपडे मशीनला लावायच्या आधी ड्रायरमध्ये जास्त गरमवर दहा मिनिटं फिरवले की गोचीड मरतात.

चिकटलेला सापडला तर घासलेट, खोबरेल तेल, नेलपॉलिश, चुना, पेटती काडी, यातलं काहीही नको. गावाला गुरांचे गोचीड काढताना पाहिलेले उपाय इथे करू नका, त्यात वेळ जातो आणि तो आतलं द्रव जखमेत ओकू शकतो. टोकदार चिमटा घ्या, त्वचेच्या अगदी लगत पकडा, न पिळता सरळ वर ओढा, मग साबणाने धुवा. घाई एवढ्यासाठी की साधारण चोवीस तासांच्या आत काढला तर लाइमची शक्यता फार कमी असते. तो भरपूर वेळ, ३६ तास किंवा जास्त, रक्त पिऊन फुगलेला असेल तर काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्सी २०० मिलिग्रॅमचा एकच डोस डॉक्टर देऊ शकतात, त्यामुळे तेव्हाही मुलांना सांगा, लपवू नका. आणि एकदा होऊन गेला म्हणजे पुन्हा होत नाही असं नाही, भावजी यंदा परत जातायत म्हणून हे त्यांनाही सांगून ठेवलंय. माणसाकडून माणसाला तो पसरत नाही, त्यामुळे नातवंडांना जवळ घ्यायला काही हरकत नाही, ताईने उगाच मुंबईत नातवाला आठवडाभर लांब ठेवलं होतं.

आता डॉक्टर मंडळींकडे आणि तुमच्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. पावसाळ्यात मुंबईत तापाचा पेशंट आला की डेंग्यू-मलेरिया-लेप्टोची तपासणी होते ती योग्यच आहे, पण त्यासोबत "बाहेरून आलात का, कुठून" हा एक प्रश्न केसपेपरवर असावा. तो फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात विचारला जावा आणि सरकारी 'आपला दवाखाना' केंद्रांतही. अंगभर कपडे बाजूला करून बघावं, गुडघ्यामागे, पाठीवर, हे तर विदर्भात स्क्रब टायफस या बारीक किडा चावून होणाऱ्या तापाच्या वेळी डॉक्टरांनी केलंच आहे, चावल्याच्या जागी काळी खपली शोधायला. मेडिकलवाल्यांनी गोल चट्ट्याला डोळे मिटून स्टेरॉइडची ट्यूब देणं बंद करावं.

आणि तुमच्याकडे मागणी ही की आरोग्याच्या पानावर या चट्ट्याचे रंगीत फोटो छापा, पण नेटवरचे गोऱ्यापान पायावरचे नकोत. ते पाहूनच भावजी म्हणाले होते, "माझा असा लाल नाही, म्हणजे मला ते नाही." सावळ्या, गव्हाळ, काळ्या कातडीवर तो जांभळट, तपकिरी, काळानिळा कसा दिसतो ते दाखवणारे फोटो स्किनच्या डॉक्टरांकडून मिळवा, शेजारी नायटा कसा दिसतो तेही छापा, म्हणजे फरक डोळ्यांना कळेल. आणि ते एप्रिलच्या मध्यापर्यंत छापा, मे उजाडला की मंडळी निघालेली असतात.

आपली,
एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)